आधी लक्षण, मग निदान

घरगुती वस्तूंविषयी या सदरात लिहिताना आम्ही नेहमी उपदेशकाच्या आसनावर बसतो, हे आमच्या चोखंदळ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. शाळामास्तरकीत हयात गेली की ते आसन आपोआप अंगाला चिकटते. या महिन्यात मात्र त्यावरून खाली उतरून प्रथम एक कबुली द्यावयाची आहे. आमच्या मोटारसायकलीची ठिणगी हरवली होती. ती शोधताना आम्ही एका सज्जन माणसावर चोरीचा आळ घेतला. ठिणगी सापडली तेव्हा दोष गाडीत एका ठिकाणी आणि आमच्यात दुसऱ्या ठिकाणी निघाला.

वडिलांनी १९८४ साली घेतलेली साडेतीनशे सी. सी.ची बुलेट आमच्या घरी अद्याप चालती आहे. १९५५ साली मद्रासेस ‘एनफील्ड इंडिया’ ही कंपनी निघाली आणि मूळची इंग्लंडातील ही गाडी आपल्याकडे तयार होऊ लागली. वडिलांची गाडी त्याच वंशातली. तिच्यात संगणक नाही की संवेदक नाहीत. बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग अशा पाच जणांच्या एकोप्याने तिच्या पोटात ठिणगी पडते. पाचांपैकी एकही रुसला तरी दीडशे किलोंहून जड असे ते धूड जागेवरून हलत नाही.

गेल्या कार्तिकात आम्ही सपत्नीक ओंकारेश्वराहून इंदुरास परतत होतो. मोरटक्क्याचा नर्मदेवरील पूल ओलांडला, बडवाह मागे पडले आणि भेरूघाटाची चढण लागली. निम्मा घाट चढून होतो न होतो तोच गाडीने दोन आचके दिले आणि ती मुकाट झाली. सूर्य मावळला होता. वळणावर मालमोटारींची रांग, रस्त्याच्या कडेला हातभर जागा, आणि गाडी बंद म्हणून मागचा दिवाही मिणमिणता. सौभाग्यवतींना कठड्यालगत उभे करून आम्ही किका मारीत राहिलो. येणारी प्रत्येक मालमोटार आपल्याला पाहते आहे की नाही, या धास्तीत पाऊण तास गेला. मग काहीएक कारण नसता गाडी एका किकेत सुरू झाली. सिमरोलच्या अलीकडे ती पुन्हा बंद पडली आणि वीस मिनिटांनी पुन्हा आपण होऊन सुरू झाली. रात्री दहा वाजता घर गाठले तेव्हा सौभाग्यवती एकच वाक्य बोलल्या, “या गाडीवर मी पुन्हा बसायची नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी एका गॅरेजात नेली. ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. आमच्या हाताखाली तो दहावीपर्यंत शिकला होता. गाडी उभी करताच आम्ही फर्मावले, “कॉइल गेली आहे, नवी बसव.” शेजारच्या एका जाणकारांनी तसे सांगितले होते, आणि आम्हांलाही ते पटले होते. त्याने प्लग काढून ठिणगी पाहिली. ती लख्ख निळी पडत होती. “सर, ठिणगी तर चांगली आहे,” तो म्हणाला. “शाळेची वेळ झाली आहे, तू कॉइल बदल,” आम्ही म्हणालो. त्याने बदलली.

आठवड्याने गाडी राऊच्या रस्त्यावर बंद पडली. त्याने प्लग नवा घातला. पुढच्या रविवारी ती महूहून येताना बंद पडली. तिसऱ्या खेपेस मात्र आमचा तोल गेला. गॅरेजातील दोन पोरांच्या आणि तीन गिऱ्हाइकांच्या देखत आम्ही त्याला विचारले, “नवी कॉइल म्हणून आमचीच जुनी पुसून बसवली नाहीस ना?”

तो काही क्षण खाली पाहत राहिला. मग हात फडक्याला पुसून म्हणाला, “सर, आता मी काहीच बदलत नाही. फक्त एक सांगा. गाडी बंद पडते तेव्हा निघून किती वेळ झालेला असतो?”

आम्ही आठवू लागलो. राऊच्या वेळी अर्धा तास. महूच्या वेळी पाऊण तास. घाटात तर चढणीवर, इंजिन पुरते तापलेले असताना.

“आणि थोडा वेळ थांबलं की आपली आपण चालू होते?”

“होय.”

“हे तुम्ही मला सांगितलंच नव्हतं, सर. तुम्ही मला कॉइल बदलायला सांगितली होती.”

वाचकहो, वैद्याकडे जाऊन आपण “मला अमुक औषध द्या” म्हणालो आणि दुखते कुठे, केव्हा, किती वेळ, हे सांगितलेच नाही, तर त्या वैद्याने करावे काय? आम्ही नेमके तेच केले होते. त्याने गाडी तपासली ती थंड असताना, आणि थंड असताना तिला काही झालेलेच नव्हते.

आता या पाच जणांचा एकोपा कसा चालतो, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की, चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या तारेत वीज निर्माण होते. कॉइलमध्ये याच तत्त्वाचा उपयोग केलेला आहे. लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे, आणि दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीची वीज जाड वेटोळ्यातून वाहते आणि गाभ्यात चुंबकत्व साठते. इंजिनाबरोबर फिरणारा उंचवटा योग्य क्षणी पॉइंट उघडतो, वीज तुटते, चुंबकत्व एकाएकी कोसळते आणि बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो. तो दाब प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडतो, तीच ठिणगी. चार फेरांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांस एक ठिणगी लागते. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर मिनिटाला १५०० ठिणग्या, सेकंदाला २५. कुटुंबातील कोणताही कर्ता इतक्या वक्तशीरपणे काम करीत नसेल.

यात कंडेन्सर कशाला? पॉइंट उघडतात तेव्हा वाहती वीज सहजासहजी थांबत नाही, ती उघड्या फटीतूनही झेप घेऊ पाहते. तशी झेप तिने घेतली की पॉइंट जळतात आणि चुंबकत्व झटक्यात न कोसळता रेंगाळत कोसळते, म्हणून प्लगची ठिणगी मरगळते. ही वीज क्षणभर पोटात घेणारे भांडे म्हणजे कंडेन्सर. १८५३ साली फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ही जोड सुचविली. बोटाच्या पेराएवढी ती पत्र्याची डबी असते. पातळ धातूचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये वीजरोधक कागद, अशी गुंडाळी तिच्या आत असते. ती बसते पॉइंटच्या शेजारी, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेत. गुंडाळी जुनी झाली की थंडपणी ती ठीक वागते आणि तापली की काम सोडते. गार झाली की पुन्हा कामाला लागते.

त्याच संध्याकाळी त्याने आम्हांस मागे बसविले आणि गाडी सिमरोलपर्यंत हाकली. परतताना तिने अपेक्षेप्रमाणे आचके द्यायला सुरुवात केली. ती पुरती बंद पडण्याआधीच त्याने ती रस्त्यापासून दूर एका मोकळ्या जागेत घेतली, मंद चालू ठेवली आणि पॉइंटवरचे झाकण उघडले. अंधार पडला होता. “बघा, सर,” तो म्हणाला. पॉइंटच्या फटीत निळसर पांढरा जाळ सतत फडफडत होता. चांगल्या कंडेन्सरवर तेथे फार तर बारीकशी लुकलुक दिसावी. आमची ठिणगी हरवली नव्हती, ती प्लगऐवजी पॉइंटवर पडत होती. खिशातून आणलेला नवा कंडेन्सर त्याने तेथेच बसविला, पॉइंट पुसले, आणि जाळ नाहीसा झाला. दोनशे रुपयांच्या आतली ती वस्तू; तिच्यापायी आम्ही कॉइलला, प्लगला आणि शेवटी माणसाला दोषी ठरविले होते.

पुढील रविवारी आम्ही वही घेऊन त्याच्या गॅरेजात बसलो आणि तपासणीचा क्रम लिहून घेतला. ज्यांच्या घरी पॉइंटची जुनी बुलेट आहे, त्यांच्या उपयोगासाठी तो येथे देत आहोत. इतर जुन्या गाड्यांत तत्त्व तेच असले तरी अंक निराळे असतात. ते आपापल्या पुस्तिकेत पाहावेत.

पहिली बॅटरी. टोकांवर पांढरी बुरशी साचली असेल तर गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, व्हॅसलीन लावावे. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे कदापि नव्हे. बुलेटवर एक अँमीटर असतो. पुष्कळ लोक त्याला शोभेची वस्तू समजतात. किल्ली फिरवून किक सावकाश दाबावी. पॉइंट मिटले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा असा झुलत असेल तर बॅटरी, किल्ली आणि पॉइंट यांपर्यंत वीज पोचते आहे. काटा मुळीच हलत नसेल तर तार तुटली आहे किंवा पॉइंट मळले आहेत. उणेकडे झुकूनच राहत असेल तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वीज वाटेतच कोठे तरी गाडीच्या अंगात उतरते आहे. एक हत्यार हाती न धरता निम्मी परीक्षा येथे होते.

दुसरा प्लग. त्याचा रंग वाचावा. बिस्किटासारखा बदामी असेल तर सारे ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. तेलकट असेल तर इंजिनाचे दुखणे निराळे आहे. पांढराफटक असेल तर इंजिन अति तापते आहे. टोकांमधील फट सुमारे ०.५ मिलिमीटर ठेवावी. ठिणगी पाहताना प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या पात्यांना घट्ट टेकवावे, पण प्लगच्या भोकापासून दूर, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ फवारली जाते आणि ती पेटू शकते. पेट्रोलचा डबा, सांडलेले पेट्रोल आणि विडीकाडी यांपासून हे काम लांब असावे. जाड तार उघड्या हाताने धरू नये. हृदयात पेसमेकर बसविलेल्या माणसाने तर या कामाच्या जवळही उभे राहू नये. ठिणगी निळी असावी आणि ‘चट्’ असा आवाज यावा. पिवळी, बारीक, मुकी ठिणगी आजारी समजावी.

येथे एक मोठा चकवा आहे. मोकळ्या हवेत पडणारी ठिणगी सिलिंडरच्या आत पडेलच असे नाही. आत मिश्रण साडेसहा-सात पट दाबलेले असते, आणि दाबाखाली तीच फट ओलांडण्यास कितीतरी अधिक व्होल्ट लागतात. म्हणून ‘ठिणगी आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. ती गरम इंजिनावर आहे काय, भरपूर आहे काय, हेही पाहावे.

तिसरे पॉइंट. पुरते उघडले असताना त्यांच्यामधील अंतर फीलर गेजने मोजावे, ते ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावे. पृष्ठभागावर एका बाजूस खड्डा आणि दुसरीकडे टेकडी झाली असेल तर बारीक कानशीने सपाट करावे, पेट्रोलात भिजविलेल्या स्वच्छ चिंधीने पुसावे आणि मग अंतर पुन्हा मोजावे. खड्डे वारंवार पडत असतील तर पॉइंटला दोष न देता कंडेन्सरकडे वळावे. फिरत्या उंचवट्याला वंगणाचे बोट लावावे, पण नखाएवढेच. जास्तीचे वंगण उडून पॉइंटवर बसते आणि नवे दुखणे सुरू होते.

चौथा कंडेन्सर. त्याची खरी परीक्षा आम्ही वर वर्णिली तीच. इंजिन तापलेले आणि भोवती अंधार. मीटर लावून थंडपणी घेतलेल्या परीक्षेत नापास झाला तर तो गेलाच. पास झाला तरी तेवढ्याने निर्दोष ठरत नाही. स्वस्त वस्तू आहे, म्हणून एक जोडी जवळ ठेवावी आणि संशय येताच बदलून पाहावी. मात्र एका वेळी एकच वस्तू बदलावी. तीन एकदम बदलल्या तर गाडी सुरू होईल, पण दोष कशात होता हे कधीच कळणार नाही.

पाचवी कॉइल. बारा व्होल्टच्या कॉइलच्या जाड वेटोळ्याचा रोध मीटरवर साधारण ३ ते ४ ओहम येतो, सहा व्होल्टच्या कॉइलचा त्याहून कमी. बारीक वेटोळ्याचा हजारो ओहम. कॉइलही तापल्यावर दगा देऊ शकते, हे खरे. पण ती महाग असते, म्हणून तिची पाळी शेवटी आणावी. जाड तारेला तडा गेला असेल तर अंधारात गाडी चालू ठेवून पाहावे. तडा असेल तेथून निळे तंतू इंजिनाकडे झेपावताना दिसतात.

हे सारे ठीक असूनही गाडी कुरकुरत असेल तर ठिणगीची वेळ तपासावी. आमच्या गाडीत, आगाऊ करणारी वजने पूर्ण मिटलेली असताना, दाबाच्या फेरात पिस्टन माथ्यापासून ०.८ मिलिमीटर खाली असता पॉइंट उघडू लागले पाहिजेत. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलका ओढावा. तो ज्या क्षणी सुटतो तो उघडण्याचा क्षण. ठिणगी लवकर पडली तर किक उलटी पायावर येते, आणि तिने नडगी फुटल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील. उशिरा पडली तर इंजिन तापते आणि चढणीवर दम सोडते.

जाता जाता एक इशारा. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत-६’ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले, आणि नव्या मोटारसायकलींत पेट्रोल आणि ठिणगी या दोहोंचा हिशेब इलेक्ट्रॉनिक पेटी ठेवते. त्या गाड्यांवर हे प्रयोग करू नयेत. चालू इंजिनाची प्लगची टोपी उपटणे किंवा बॅटरीची तार सोडणे यामुळे ती महाग पेटी निकामी होऊ शकते. तेथे आपले काम एवढेच की, दोषदर्शक दिवा केव्हा लागला, गाडी थंड होती की गरम, पाऊस होता की ऊन, हे नीट टिपून कारागिरास सांगावे. यंत्र बदलले तरी लक्षण सांगण्याचे कर्तव्य आपलेच राहते.

कंडेन्सर बसविला त्या रात्री आम्ही गॅरेजात परतलो तेव्हा त्याने फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके काढून आमच्या हाती दिले. वर पेन्सिलीने आमचे नाव आणि तारीख लिहिली होती. आत आमची जुनी कॉइल होती. “ही चांगली आहे, सर. मी टाकली नाही. जवळ ठेवा, कधी लागेल,” तो म्हणाला. पैसे त्याने फक्त कंडेन्सरचे घेतले. ज्या दिवशी आम्ही चारचौघांत त्याला तो प्रश्न विचारला, त्या दिवशीही ते पुडके त्या फळीवरच होते. ते आमच्यापुढे ठेवून त्याला आम्हांस तेथल्या तेथे गप्प करता आले असते. त्याने तसे केले नाही.

आळ आम्ही चारचौघांत घेतला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी ती दोन पोरे आणि गिऱ्हाइके हजर असतील अशा वेळी आम्ही गेलो, आणि चूक आमची होती असे सर्वांसमक्ष म्हणालो. तो ओशाळून एका स्कूटरच्या चाकात तोंड लपवू लागला. त्या दिवशीची तीन गिऱ्हाइके मात्र तेथे नव्हती. त्यांच्यापैकी एखादे हे मासिक वाचीत असेल तर त्याने हा मजकूर आमची त्याच्यापुढील क्षमायाचना समजावा.

शाळेत आम्ही वर्षानुवर्षे मुलांच्या वह्यांवर ‘आधी विचार, मग उत्तर’ असा लाल शेरा मारीत आलो. तो शेरा याही मुलाच्या वहीवर मारल्याचे आम्हांस आठवते. त्याने तो लक्षात ठेवला. आम्हांला मात्र साठीजवळ येऊन, घाटातल्या अंधारात उभे राहून, तो नव्याने शिकावा लागला.

सौभाग्यवती गेल्या महिन्यात पुन्हा गाडीवर बसल्या. अद्याप मोती तबेल्यापर्यंतच, आणि गाडीच्या पेटीत कंडेन्सर आहे ना, हे दोनदा विचारून.